ग्रंथमोटारीची पुढची चाके

नाशिकहून आमची ग्रंथमोटार निघाली त्या सकाळी मंडळाचे सगळे सभासद वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभे होते. मोटार जुनी, एका वकिलांनी दिलेली. तिच्या मागच्या भागात फळ्या ठोकून आम्ही पुस्तके आणि पत्रकांचे गठ्ठे रचले होते. गावोगाव थांबायचे, पुस्तके वाटायची, संध्याकाळी सभा घ्यायची आणि नागपूर गाठून परत फिरायचे, असा बेत होता. नवे एवढेच होते की पुढची दोन्ही टायरे कोरी करकरीत होती. ती वर्गणीतून घेतली होती आणि वर्गणी देणाऱ्यांत विड्या वळणाऱ्या बायकाही होत्या. चिटणीसांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "या टायरांवर गरिबांचा घाम आहे. लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवले. ते कोणावर ठेवायचे, हेही मनाशी तेव्हाच ठरवून टाकले.

मोटार चालवणारे दगडू सोनवणे चाळिशीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. पूर्वी ते एका गोऱ्या अधिकाऱ्याची गाडी चालवत. एवढ्यावरूनच माझ्या मनात त्यांच्याविषयी अढी होती. तरी तत्त्व म्हणून मी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितले, "मला साहेब म्हणू नका. आपण सारे समान आहोत. बंधू म्हणा."

"बरं, बंधूसाहेब," ते म्हणाले.

धुळे, भुसावळ, अकोला इथपर्यंत प्रवास सुरळीत झाला. मूर्तिजापूरच्या अलीकडे मात्र एका नाल्यात मोटार रुतली. वऱ्हाडची काळी माती ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, ती चाकाला चिकटते तेव्हा सुटी होत नाही, वाढत जाते. पुढचा आस पार बुडाला. संध्याकाळी अमरावतीला माझी सभा होती आणि दगडू म्हणत होते, "थोडं खणून काढू. तासाभराचं काम आहे." मला तो आळस वाटला. मी शेतातून एका शेतकऱ्याला बैलजोडीसह बोलावून आणले.

त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली. "हे जनावर कोठी जुपाचं गा?" त्याने विचारले. "बंडीले (बैलगाडीला) दांडी रायते. बैलं दांडीनं ओढतेत. हिले दांडी हाय का नाही?"

मी चिखलात आडवा झालो आणि हात घालून चाचपले. आसाच्या मागे, त्याच्या जरा वर, एक आडवा लोखंडी गज हाताला लागला. या चाकापासून त्या चाकापर्यंत गेलेला, चांगला मुठीत मावणारा. मी त्याला दोर बांधला. दगडू सुकाणूवर बसले होते. ते ओरडले, "त्याला नको! आसाला बांधा, आसाला!"

"आस चिखलात आहे," मी म्हणालो. "आणि सभा अमरावतीत आहे."

शेतकऱ्याने बैलांच्या पाठीवर थाप मारली. कुठेतरी करकर वाजले आणि मोटार बाहेर आली. मी त्याला दोन पत्रके दिली. त्याने ती मुंडाशात खोचली. त्याला वाचता येत होते की नाही, हे मी विचारले नाही.

अमरावतीला पोचताच दगडू म्हणाले, "गाडी जड लागतेय. कुणाला तरी दाखवून आणतो." त्या गावी त्यांचा एक मावसभाऊ राहतो, हे त्यांनी आदल्या दिवशी सांगितले होते. मी भाषणाचे मुद्दे लिहीत होतो. मान न वर करता हो म्हणालो. ते मोटार घेऊन गेले आणि अंधार पडता पडता, सभेच्या तोंडावर परतले. काय झाले ते त्यांनी सांगितले असावे. मी ऐकले नाही.

नागपूरच्या वाटेवर मोटार एखाद्या हट्टी वासरासारखी कडेला ओढू लागली. वळणावर टायरे किंचाळत. तिसऱ्या प्रहरी सीताबर्डीची टेकडी दिसली. माथ्यावर किल्ला, किल्ल्यावर परके निशाण, आणि पायथ्याशी टांगे, सायकली, कापडाची दुकाने यांची दाटी. ही मध्यप्रांताची राजधानी. इथे प्रत्येक खांबामागे गुप्त पोलीस असणार, अशी माझी खात्री होती. आम्ही उतरलो त्या धर्मशाळेपासून एक छत्रीवाला माणूस तीन गल्ल्या माझ्या मागे आला. मी वळून त्याला दरडावले तेव्हा तो चाचरत म्हणाला, "तुमच्या मोटारीत पंचांग हाय काय? घरी लगीन हाय." आमच्याकडे पंचांग नव्हते. तरीही तो गेल्यावर बराच वेळ मी मागे पाहत राहिलो.

जेवण खानावळीत झाले. गोळाभात (डाळीच्या भरड्याचे वाफवलेले गोळे घातलेला भात) होता, आणि वाढणाऱ्या बाईंनी वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी ओतली. "कुस्करून खा गा भाऊ, असा टोचून काय खातं?" त्या म्हणाल्या. इतके चविष्ट अन्न मी त्या दौऱ्यात कुठे खाल्ले नाही. पण त्या आनंदावर लगेच विरजण पडले.

धर्मशाळेच्या अंगणात परतलो तेव्हा हातातला अडकित्ता निसटून मोटारीखाली गेला. तो काढायला मी वाकलो आणि पुढच्या डाव्या टायराची आतली बाजू दिसली. ती गुळगुळीत होती. नुसती गुळगुळीत नव्हे. एके ठिकाणी रबराखालचे सूत डोकावत होते. उजव्या टायराचीही आतली कड तशीच. बाहेरून पाहावे तर नक्षी ठसठशीत, जशी नाशिकला होती.

मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. कोरी टायरे इतक्या थोड्या दिवसांत आतून अशी होतील काय? अमरावतीची संध्याकाळ आठवली. मावसभाऊ आठवला. नवी टायरे विकून जुनी चढवायची, आणि चांगली बाजू बाहेर ठेवायची! हिशेब इतका चोख जुळला की मला जवळजवळ समाधान वाटले. ज्याने गोऱ्याची चाकरी केली तो गरिबांच्या वर्गणीवर हात मारणार नाही तर कोण मारणार?

त्या रात्री मोटारीची किल्ली मी उशाखाली घेऊन झोपलो. सकाळी चिटणीसांना चार पाने लिहिली. 'विश्वासघात' हा शब्द अधोरेखित केला. सोनवणे यांस तात्काळ कामावरून दूर करावे आणि त्यांचे नाव मंडळाच्या पत्रकातून जाहीर करावे, म्हणजे दुसरे कोणी फसणार नाही, असे सुचवले. पत्र स्वतःच्या हाताने पेटीत टाकले.

मग पुरावा हवा म्हणून मिस्त्री शोधायला निघालो. दगडू वाटेतच नागपुरातला एक मिस्त्री सुचवत होते, पण त्याच्याकडे मी जाणार नव्हतो. दोघांचे संगनमत असले तर? सीताबर्डीच्या मागच्या बाजूला एका चिंचेखाली भाता आणि ऐरण दिसली, तिथे दगडूंना मोटार आणायला लावली. रामाजी मिस्त्री साठीचे, धिप्पाड, डोक्याला गमछा. मी त्यांच्या कानाशी लागून म्हणालो, "ही टायरे जुनी आहेत. तुम्ही तसे लिहून द्या."

"लिहून?" ते मोठ्याने म्हणाले. "मले हाताची भाषा येते, कागदाची नाही. काहून कानात बोलून राहिला गा? टायर बहिरं हाय."

दगडू चार पावलांवर उभे होते. मी घाम पुसला.

मिस्त्रींनी जॅक लावून पुढचा भाग उचलला. डाव्या चाकापाशी बसून तळहात टायरावरून आतून बाहेर नेला, मग बाहेरून आत आणला. पुन्हा तसेच. "इकडं ये," ते मला म्हणाले. "हात ठेव. बाहेर ने."

मी नेला. गुळगुळीत लागले.

"आता अंदर आण."

बोटांना रबराची बारीक धार लागली.

"जाते तवा मखमल, येते तवा करवत. याचा मतलब काय? चाक गोल फिरून नाही राहिलं, घासत चाललं. दोन्ही चाकं समोरून फाकली हायेत. मास्तर, तुमी पाय फाकवून चालले तर चप्पल कोठी झिजंल?"

"पण टायर मुळात जुनेच असेल तर?"

त्यांनी टायराच्या बाहेरच्या कुशीवर बोट ठेवले. तिथे रबराचे केसासारखे बारीक कोंब उभे होते. "साच्यातून निंगते तवा हे रायते. जुन्या टायराले दाखव बरं असे केस! लेकरू नवंच हाय. त्याचे पाय कोणं वाकडे केले ते शोध."

मला अजूनही पटले नाही. हा मनुष्य दगडूंचा कोणी असेल काय, असाही विचार आला. पण त्याला मीच शोधला होता. दगडूंनी त्याला कधी पाहिलेही नव्हते.

मिस्त्रींनी प्रत्येक चाक फिरवत त्यावर खडू धरला, तशी टायराच्या मधोमध पांढरी रेघ उमटली. मोटार खाली घेतली, दोन हात ढकलली. मग बांबूची काठी घेऊन चाकांच्या मागच्या बाजूला, आसाच्या उंचीवर, एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंतचे अंतर मापले आणि तिथे खूण केली. तीच काठी पुढच्या बाजूला धरली. काठी अपुरी पडली.

"समोर दोन बोटं जास्त. समोर जराशीक कमीच पायजे असते." ते मोटारीखाली सरकले. खालून त्यांचा आवाज आला, "अरे बाप! या गाडीले कोणं ओढलं गा?"

दगडू चिंचेकडे पाहत होते.

"बैलांनी," मी म्हणालो.

"बैलाचा काय दोष! दोर कोणं बांधला?"

"मी."

ते बाहेर आले. त्यांच्या हातात तो आडवा गज होता. त्यांनी तो सपाट दगडावर ठेवून फिरवला. गज उड्या मारत घरंगळला. मधोमध धनुष्यासारखा वाकला होता. "हा वाकला का दोन्ही चाकांच्या मागच्या बाजू जवळ येते, समोरच्या फाकते. हा ओढाचा गज नोहे, सांभाळाचा हाय. ड्रायव्हर मानसा, तू तवा काय झोपला होता का?"

"ओरडलो होतो," दगडू म्हणाले. "अमरावतीतही दाखवला. तिथल्या लोहाराला जमलं नाही. बंधूसाहेबांना येऊन सांगितलं, पण ते लिहीत होते."

मिस्त्रींनी गज भट्टीत तापवून सरळ केला, टोकाचा आटा फिरवत अंतर जुळवले, पुन्हा काठी लावली. तोपर्यंत मी एका उलट्या पेटीवर बसलो होतो. डाक केव्हा निघते, हे मनात मोजत होतो. मग उठलो आणि पोस्टाकडे धावत सुटलो. पत्र गेले होते. तार केली: 'पत्र खोटे. दोष माझा. सोनवणे निर्दोष. परतल्यावर टायरांचे क्रमांक पावतीशी ताडा.'

मिस्त्रींच्या सांगण्यावरून चाके पारखायला आम्ही दुपारी कामठीमार्गे कन्हान नदीपर्यंत गेलो. मोटार सुतासारखी चालली. दगडूंनी सपाट रस्त्यावर क्षणभर हात सोडून दाखवले. काठावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कोणी रोडगे (कणकेचे भाजलेले गोळे) भाजत होते, ते वांग्याच्या भाजीबरोबर घेतले. दगडू खाऊ लागले. माझा घास हातातच राहिला. मी त्यांना पत्राचे सांगितले. सगळे, अधोरेखित शब्दासकट.

त्यांनी रोडगा मोडला, त्यावर तूप घेतले. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "किल्ली उशाखाली गेली तेव्हाच. गोरा साहेबसुद्धा किल्ली खुंटीवर ठेवायचा."

"मी तार केली आहे."

"तार चार शब्दांची. पत्र किती पानांचं?"



परतीच्या वाटेवर तीच दोन टायरे, अदलाबदल करून, पुरली. नाशिकला पोचलो त्या संध्याकाळी मंडळाची बैठक होती. पावतीवरचे क्रमांक टायरांशी तंतोतंत जुळले. चिटणीसांनी तार वाचली, पत्रही वाचले. मी उभा राहून सर्व कबूल केले. सभासदांनी ऐकून घेतले आणि ठराव केला: सोनवणे यांस ठेवावे, मात्र यापुढे प्रत्येक मुक्कामी एका सभासदाने टायरांचे क्रमांक तपासावेत, आणि मोटार त्यांच्या एकट्याच्या हाती देऊ नये. काळजी म्हणून, असे चिटणीस म्हणाले. विरोधात माझा एकच हात वर होता.

दगडू दाराशी उभे होते. ते आत आले, किल्ली मेजावर ठेवली आणि म्हणाले, "तपासायला माणूस आहेच तुमच्याकडे. चालवायलाही तोच घ्या." पायऱ्या उतरून ते गेले. कोणी हाक मारली नाही. मी मारली, पण ते थांबले नाहीत.

पत्रके लिहिण्यात मी वाढलो. अन्यायाचे नाव घेऊन बोट दाखवायला मला लहानपणापासून शिकवले गेले. ते बोट मागे कसे घ्यायचे, ते कोणी शिकवले नाही. माझ्या पत्रातला संशय आता गावात माझ्याशिवाय हिंडतो. दगडूंना नव्या ठिकाणी काम मागायला गेल्यावर दोनदा विचारले गेले, "टायरांचं काय होतं ते?" म्हणून ही हकिकत छापायला दिली. प्रवासाची म्हणून वाचली असेल तर वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे: दगडू सोनवणे यांनी टायरे विकली नाहीत. गज मी वाकवला. ते सध्या त्र्यंबकच्या रस्त्यावर उतारूंची मोटार चालवतात. त्यांच्या गाडीत निर्धास्त बसावे.