आबांनी शिकवलेला फटका

आता तुम्ही आग्रहानं दुसरा कप पुढं केलाच आहे, तर माझी फजिती ऐकाच. हसू आलं तर खुशाल हसा, पण मी हसलो नाही तर रागावू नका. मला त्या गोष्टीवर अजून हसता येत नाही.

तुम्ही मला गोल्फ खेळताना कधी पाहिलंय? कसे पाहणार. मी तो खेळ घराबाहेर मोजून पाच शनिवार खेळलो, तोही इंग्रज साहेबाबरोबर, निरवांगीच्या माळावर.

मी तेव्हा बारामतीला कालव्याच्या ऑफिसात कारकून होतो. सत्याग्रहाचे दिवस होते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, इंदापूरला. आई आधीच गेलेली. आबांना दमा, आणि त्यांच्याजवळ माझी म्हातारी आत्या. ती बिचारी स्वतःच भिंतीला धरून चालायची. मी महिन्यातून एकदा जायचो आणि दर वेळी आबा थोडे कमी झालेले दिसायचे. म्हणून मी इंदापूरच्या ऑफिसात बदली मागितली होती. कारण लिहिलं होतं, ‘वडील अत्यवस्थ, दुसरा आधार नाही’. तो अर्ज साहेबाच्या टेबलावर तीन महिने पडून होता.

साहेब माणूस वाईट नव्हता, पण बोलायचा नाही. त्याचा एकच जोडीदार होता, दुसरा इंजिनिअर साहेब, तो तापानं खंगून विलायतेला परत गेला. तेव्हापासून हा एकटाच. दर शनिवारी मोटारीतून निरवांगीच्या बंगल्यावर मुक्कामाला जायचा. बंगल्यामागच्या मुरमाड माळावर त्यानं सात ठिकाणी जमिनीत डबे पुरून घेतले होते. त्या डब्यांत एकटाच चेंडू घालत फिरायचा. कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यांना वाटायचं, साहेब कालव्याची मोजणी करतोय.

आमचे हेडक्लार्क भाऊराव मला म्हणाले, साहेबाला खेळायला कुणीतरी हवंय, तू फायली घेऊन जातोसच, तर उभा राहा समोर. दोन घटका खेळ आणि तिसऱ्या घटकेला बदलीचं काढ. मला पटलं. विटीदांडूत मी गावात पहिला होतो. मनात म्हटलं, विटी तरी उडती असते, हा चेंडू तर जागेवर बसून आपली वाट बघतो. अवघड काय त्यात?

काय सांगू! पहिल्या दिवशी मी पंधरा वेळा काठी फिरवली. नऊ वेळा हवेत गेली, पाच वेळा जमिनीत. एकदा चेंडूला लागली, पण तो मागं गेला. मुरमाचा खडा उडून साहेबाच्या गुडघ्याला बसला. साहेबानं गुडघा चोळला आणि काही न बोलता चेंडू परत माझ्यासमोर ठेवला. असे चार शनिवार गेले. बदलीचा विषय काढायचा कधी? ज्याच्या गुडघ्यावर खडे मारायचे त्याच्याकडं मागायचं तरी काय?

चौथ्या मुक्कामाहून निघताना साहेबानं एक जुनी काठी आणि एक जुना चेंडू माझ्या हातात दिला. मोटारीत बसता बसता तो इंग्रजीत म्हणाला, मान खाली ठेव, मग बाकीचं आपोआप होईल.

माझं इंग्रजी सगळं अर्जातलं. शब्द कळले, पण अर्थ मी माझ्या भीतीप्रमाणं लावला. माझा चुलतभाऊ सत्याग्रहात तुरुंगात होता. त्यानं स्वतः सूत कातून दिलेली खादीची टोपी मी ऑफिसात घालायचो, काळ्या रंगात बुडवून. मला वाटलं, साहेबाला सगळं कळलंय. रंगाखालची खादीसुद्धा त्यानं ओळखलीय. हा इशारा आहे: मुकाट्यानं राहा, नाहीतर नोकरी जाईल. आणि नोकरी गेली तर आबांचं औषध, आत्या, सगळंच गेलं.

सोमवारपासून मी मान खाली घातली. टोपी पेटीत टाकली. दुसरी टोपी नव्हती, म्हणून उघड्या डोक्यानं ऑफिसात जायला लागलो. आमचा न्हावी प्रभातफेरीत पुढं असायचा, म्हणून त्याच्याकडं दाढीला जाणं बंद केलं. कुणाशी बोलायचं नाही, कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. टेबलावर बसायचं आणि लिहायचं.

आता तुम्हीच सांगा. ज्याचे वडील अत्यवस्थ आहेत हे ऑफिसला माहीत आहे, तो कारकून उघड्या डोक्यानं, दाढी वाढवून, मान खाली घालून येतो. लोक काय समजतील?

मला मात्र काहीच कळलं नाही. बुधवारी शिपाई माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. गुरुवारी शेजारच्या टेबलावरच्यानं माझं काम न मागता स्वतःकडं ओढून घेतलं. मला वाटलं, माझ्या नोकरीची बातमी फुटली. आता मी थोड्या दिवसांचा पाहुणा. शुक्रवारी भाऊराव जवळ येऊन बसले. मग हळूच म्हणाले, “शंकरराव, अशा वेळी ऑफिसात कशाला येता?”

मी म्हटलं, “दुसरीकडं जाऊ कुठं?”

ते म्हणाले, धीर धरा, हे आज ना उद्या सगळ्यांच्याच वाट्याला येतं. मी मनात म्हटलं, यांची पण नोकरी जाणार की काय? मग त्यांनी विचारलं, “शेवटी काही बोलणं झालं का?”

“एवढंच म्हणाले,” मी साहेबाचं सांगितलं, “मान खाली ठेव, मग बाकीचं आपोआप होईल.”

भाऊरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. म्हणाले, केवढा मोठा माणूस. आणि मग तसेच उठून साहेबाच्या खोलीत गेले. त्यांना वाटलं होतं, साहेबानं रजा दिली नाही म्हणून हा पोरगा सुतकात कामावर येतोय.

थोड्या वेळानं मला आत बोलावलं. साहेब खुर्चीतून उठून उभा राहिला. माझ्यासाठी. मी दारातच थिजलो. तो म्हणाला, तुझ्या वडिलांचं कळलं, मला वाईट वाटतं. आठ दिवस घरी जा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तोंड उघडलं होतं मी, खोटं कशाला बोलू. एक शब्द पुरला असता. पण साहेब खिडकीकडं तोंड करून बोलतच राहिला. त्याचे वडील वारले तेव्हा तो इथंच कालव्यावर होता. पत्र पोचायला महिना लागला. त्या महिनाभर तो वडिलांना पत्रं लिहीत होता. नंतर ती सगळी पत्रं न फोडलेली परत आली.

आता अशा माणसाला कसं सांगायचं, की साहेब, माझे वडील चांगले आहेत, सकाळी भाकरी खाल्ली असेल? आणि खरं सांगू? आठ दिवस म्हटल्यावर मला आबांची खाट दिसली. मी मान हलवली आणि बाहेर आलो. माझी चूक काय ती हीच. बाकी सगळा गैरसमज होता. हे मात्र मी समजून उमजून केलं.

संध्याकाळी निघताना भाऊरावांनी मला बदलीचा अर्ज दाखवला. साहेबानं त्यावर त्याच दिवशी शेरा मारला होता: कारण उरले नसल्याने अर्ज निकाली. ज्या कागदासाठी मी गोल्फ शिकायला निघालो होतो, तो माझ्याच मान हलवण्यानं बंद झाला होता.

इंदापूरला पोचलो तेव्हा आबा खाटेवर बसून धापा टाकत होते. मला बघून म्हणाले, “एवढ्यात कसा रं आलास? बरं हाय नव्हं तुजं?”

मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालतील. ते भिंतीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “मेल्यावर मानसं काय म्हनत्यात ते कळलं तरी. कोन कोन रडलं?”

मी म्हटलं, भाऊराव.

“बरा मानूस दिसतोय,” ते म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या बोचक्याबाहेर आलेल्या काठीवर गेली. हे काय म्हणून विचारलं. मी अंगणात उभा राहून दाखवलं. दोन वेळा हवा, एकदा जमीन. आत्यानं तुळशीवृंदावनाला हात जोडले.

आबा तरुणपणी गुऱ्हाळांवर ऊस तोडायला जायचे. खाटेवरूनच म्हणाले, दोन हातांनी कशाला धरतोस, ती काय कुदळ हाय? डावा हात पाठीवर टाक. कमरंत वाक. ऊस बुडख्यात तोडायचा असतो, मातीला लागून. वर तोडला तर खोडका ऱ्हातो आन् खाली मारला तर कोयता बोथाटतो. बुडूख तेवढा बघ.

कुठल्याही गोऱ्यानं असा गोल्फ कधी खेळला नसेल. पाय फाकवलेले, कमरेत घडी घातलेली, डावा हात पाठीवर, उजव्या हातात काठी आडवी. मी फटका मारला. चेंडू जरा सरकला.

“मान वर काढतोस,” आबा म्हणाले. “ऊस पडल्यावर बगायचं, पडायच्या आदी न्हाय. मान खाली ठेव. बाकीचं हात करतोय.”

मी काठी धरून तसाच उभा राहिलो. साहेब काय म्हणाला होता ते मला तेव्हा कळलं. त्यात खादी नव्हती, चुलतभाऊ नव्हता, नोकरी नव्हती. चेंडू होता फक्त. तेवढ्यासाठी मी माझ्या जिवंत बापाचं सुतक पाळलं होतं.

पुढचा फटका बसला तो ‘टक्’ असा. हाताला काही लागलंच नाही, चेंडू मात्र गोठ्याच्या पलीकडं. आबा हसले आणि हसता हसता इतके खोकले की आत्यानं मला आत हाकललं. आठही दिवस मी सकाळी अंगणात मारत होतो आणि आबा खाटेवरून चुका काढत होते. इतकं आम्ही आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

निरोप घेताना ठरवलं होतं की साहेबाला खरं सांगायचं. पण शनिवारी निरवांगीच्या माळावर त्याच्यासमोर उभा राहिलो आणि जीभ उचलेना. त्यानं मुकाट्यानं चेंडू ठेवला. मी डावा हात पाठीवर टाकला, कमरेत वाकलो. साहेब एक पाऊल मागं सरला, गुडघा आठवला असणार. मी बुडखा बघितला आणि मारलं.

चेंडू सरळ गेला. दुसऱ्या डब्याच्याही पुढं जाऊन पडला. साहेब डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. महिनोन् महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात जीव आला.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“माझ्या वडिलांनी, सर.”

“लहानपणी?”

“नाही सर. परवा.”

बोलून गेलो. कौतुकानं माणूस किती गाफील होतो बघा! साहेबानं काठी खाली ठेवली. मग मी सगळं सांगितलं, अडखळत, अर्जातल्या इंग्रजीत. टोपी, न्हावी, भाऊराव, खाट. तो ऐकत होता. मला वाटलं, आता गेली नोकरी.

तो एवढंच म्हणाला, “म्हणजे ते आहेत.”

मी म्हटलं, आहेत.

तो वळून कालव्याच्या भरावावर जाऊन बसला. पाण्याकडं बघत बसला, उन्हं उतरेपर्यंत. मी माळावर काठी धरून उभा. जावं की थांबावं, कळेना. सोमवारी माझ्या टेबलावर इंदापूरच्या बदलीचा हुकूम होता, त्याच्या सहीचा. माझ्याशी मात्र तो त्यानंतर एक शब्द बोलला नाही, आणि मला खेळायला पुन्हा कधी बोलावलं नाही. त्यानं विश्वासानं दाखवलेली जखम मी रजेसाठी वापरली होती. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

‘वडील वारल्याने’ असं कारण घातलेला रजेचा कागद तेवढा तसाच राहिला. भाऊराव म्हणाले, तो दुरुस्त करायचा तर तुला लेखी द्यावं लागेल की खोट्या कारणानं रजा घेतली. मग बदली काय अन् नोकरी काय. म्हणून सरकारदप्तरी माझे वडील वारलेलेच राहिले. आबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, चला, सरकारचा तरी तरास चुकला.

पुढं दीड वर्ष मी त्यांच्याजवळ होतो. अंगणातला खेळ काही महिने चालला, मग त्यांना खाटेवर बसवेना, मग नुसता आवाज ऐकून सांगायचे, लागला, न्हाय लागला. एका सकाळी मी मारला, चांगला लागला, आणि आतून आवाज आला नाही.

आबांचा तिसरा दिवस झाल्यावर मी रजेचा अर्ज लिहून बारामतीला पाठवला. तोवर साहेब विलायतेला गेला होता आणि भाऊराव पेन्शनीत निघाले होते. नव्या हेडक्लार्कनं माझा जुना कागद काढून बघितला असणार. अर्ज परत आला. त्यावर शेरा होता: अर्जदाराचे वडील यापूर्वीच वारले असून त्याची रजा अर्जदाराने उपभोगलेली आहे, सबब नामंजूर.

बारामतीहून आलेला प्रत्येक शेरा इंदापूरच्या रजिस्टरात जसाच्या तसा उतरवून घ्यायचा, असा नियम होता. ते काम तिथल्या कारकुनाचं. आणि कारकून तिथं एकच होता.

उतरवला. अक्षर चांगलं आलं.