साहेबांसाठी बुजवलेले खड्डे

कप आधी खाली ठेवा, नाहीतर हसताना अंगावर सांडेल. मी आयुष्यात एकदाच सरपंच झालो, आणि त्या एका खेपेत गावाचं जे कल्याण केलं, ते गाव अजून विसरलेलं नाही!

परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. नवा जिल्हा, नवी जिल्हा परिषद, नव्या खुर्च्या. रस्ते तेवढे जुनेच. आमचं गाव वारंगा फाट्यापासून चार किलोमीटर आत. पावसाळ्यात गुडघाभर काळा चिखल. एस.टी.वाले म्हणायचे, आधी डांबरी रस्ता करा, मग गाडी पाठवतो. माझी पोरगी सुनीता सातवी पास झालेली आणि हायस्कूल फाट्यावर. पावसाळाभर तिची शाळा बुडणार, हे माझ्या जिवाला फार लागलं होतं.

जिल्हा परिषदेची रीत सोपी होती. ग्रामसभेचा ठराव पाठवायचा, इंजिनिअर साहेब येऊन पाहणी करणार, आणि ज्या रस्त्याची हालत सगळ्यात बेकार, त्याला निधी आधी. आता सांगा, यात आम्हाला हरवणारं कोण होतं? काहीही न करता आमचा पहिला नंबर होता. फक्त ते काहीही न करणं मला जमायला पाहिजे होतं!

साहेब मंगळवारी येणार, असा निरोप आला आणि माझ्या अंगात पाहुणचार संचारला. साहेब आपल्या दारी येणार, आणि या असल्या खड्ड्यांतून? गावाची अब्रू जाईल की! लगेच दवंडी दिली, घरटी एक माणूस. ट्रॅक्टरनं मुरूम आणला, खड्डे बुजवले, पाणी मारलं, धुमसानं चोपून काढलं. वेशीजवळ रांगोळीसुद्धा घातली.

मेंढरं घेऊन चाललेले मारोतीकाका तिथं थांबले.

"सरपंच, साहेब रस्ता पाहायलाच येऊन राहिले न? मंग खड्डे काहून—"

"काका, हे पंचायतीचं काम हाय. तुमी मेंढरं कडंनं घ्या, मुरूम उकरंल!"

मंगळवारी जीप आली ती लोण्यावरून आल्यासारखी. साहेब उतरले. एकदा कागदाकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं.

"यादीतला रस्ता हाच का?"

"व्हय साहेब, ह्योच!" मी छाती फुगवून म्हणालो.

"पावसाळ्यात त्रास होत असेल ना?"

बघा, साहेब बिचारे स्वतःहून दार उघडून देत होते! पण पाहुण्यासमोर रडगाणं गायचं? तेही सगळ्या गावादेखत?

"छे छे! आमच्या गावात कायबी तकलीफ न्हाई. समदं बराबर हाय!"

सुनीता मागून माझा सदरा ओढत होती. मी तिलाच चहा आणायला पिटाळलं. मग साहेबांना पुरणपोळी झाली, टोपी-नारळ झालं. गावाच्या एकजुटीचं कौतुक करत साहेब गेले.

त्याच दुपारी ते शेजारच्या गावी पोचले. म्हणजे पोचलेच नाहीत. तिथल्या आळशी सरपंचानं एक खड्डा बुजवला नव्हता की चहाचं आधण ठेवलं नव्हतं. जीपचा पाटा तुटला आणि साहेब भर उन्हात दोन किलोमीटर चालले. पाहणी म्हणतात ती अशी!

महिन्यानं यादी लागली. शेजारचं गाव पहिलं. आमच्या नावापुढं शेरा होता, 'रस्ता सुस्थितीत. ग्रामस्थांची तक्रार नाही.' आणि सोबत काय, तर श्रमदानाबद्दल मानपत्र! समारंभ हिंगोलीला, सरपंचांनी स्वतः हजर राहावं.

तोवर मुरूम वाहून गेला होता. फाट्यापर्यंत जाताना माझी एक चप्पल चिखलात रुतली, ती काही सापडली नाही. चांगल्या रस्त्याचा सत्कार मी अनवाणी पायानं घेतला.

संध्याकाळी परत आलो, तर मारोतीकाका वेशीतच भेटले. माझ्या पायांकडं बघून म्हणाले, "त्या दिशी मी हेच सांगून राहिलो व्हतो." मला खरंच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीतानं मानपत्र जाड प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढलं. पिशवीत आपलं दप्तर घातलं, तोंड सुतळीनं बांधलं आणि चिखल तुडवत शाळेला निघाली.

जाताना मानपत्र माझ्या हातात देऊन म्हणाली, "हे तुमी ठेवा बाबा. तुमाला कुटं भायेर जायचंय?"

सरपंच म्हणून शाळेच्या वाटेसाठी माझ्या हातून झालेलं पक्कं काम म्हणाल, तर तेवढी ती पिशवी.