साक्ष दिली आणि इन्सुलिन सोडलं

११ मार्च. कपडे भिजत घालत होते. यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, उजव्या मोज्याला पू लागला होता. पाय उचलून बघितला तर करंगळी काळी पडलेली. "दुखत नाही गं, कारखान्यातला बूट लागलाय." दुखत नव्हतं, तीच भीती होती.

संध्याकाळी उल्हासनगरच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, "गँगरीन आहे." म्हणजे रक्त न पोचल्यामुळे मांस सडणं. साखर साडेचारशे. "इन्सुलिन कधीपासून बंद?" मी म्हटलं, बंद नाही. हे खाली बघत होते.

नाताळानंतरच्या उपास-प्रार्थनेत पास्टरांनी साखर बरी व्हावी म्हणून यांच्या डोक्यावर हात ठेवला होता. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रीत अशी, की बरं वाटायची वाट बघायची नाही. आधी उभं राहून 'मी बरा झालो' अशी साक्ष द्यायची. त्यानंतर औषध घेतलं तर तो अविश्वास. यांनी साक्ष दिली. इन्सुलिनचं पेन डब्याबरोबर कारखान्यात नेत होते, टोचत मात्र नव्हते.

डॉक्टर म्हणाले, "आत्ता दोन बोटं काढू. थांबलात तर पाय जाईल."

हे सही करेनात. "सगळ्या मंडळीसमोर बोललोय. आता देवाला खोटं पाडू?"

मी म्हटलं, "देवाला काही होत नाही. पाय तुमचा आहे."

तेवढ्यात पास्टरांचा फोन आला. "ब्रदर, रविवारपर्यंत धरून राहा. परीक्षा आहे." हे धरून राहिले.

शनिवारी ताप चढला, हे बरळू लागले. सेप्सिस, म्हणजे जंतू रक्तात पसरले. सही मी केली. पाय गुडघ्याच्या वरून गेला. वॉर्डातली नर्स सुई टोचताना म्हणाली, "काय काका, भगवानने मना किया था क्या?" हे हसले नाहीत.

माझाही विश्वास आहे. रोज प्रार्थना करते, आणि माझ्या देवाला इन्सुलिनचं वावडं नाही. तुमच्या घरी कुणाला साखर असेल तर रोज त्यांचे तळपाय बघा. साक्ष देऊ द्या, पण सुई तुमच्या डोळ्यांसमोर टोचायला लावा.

घरी आल्यापासून हे बायबल उघडत नाहीत. सुई घेताना तोंड भिंतीकडे करतात. परवा जेवताना म्हणाले, "माझाच विश्वास कमी पडला. त्याने मला सोडलं." भात तसाच ठेवला. रात्रीही जेवले नाहीत. ऑपरेशननंतर पास्टर एकदाही आलेले नाहीत. मंडळीला मात्र सांगितलं, ब्रदर डळमळले. मी कितीही समजावलं तरी यांना माझा शब्द पटत नाही. पास्टरांचा पटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरिवलीला पास्टरांच्या दारात गेले. "ड्रेसिंगची वेळ झालीय. चला, पट्टी सोडायला हात लावा. आणि देवाने सोडलेलं नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगा."

"सिस्टर, आज माझा उपास आहे. मी इथूनच प्रार्थना..."

"उपास राहू द्या. चालायला दोन पाय आहेत ना तुम्हाला?"

त्यांनी बायकोकडे बघितलं. तिने आतून चपला आणून त्यांच्यापुढे ठेवल्या. मी रिक्षावाल्याला रिक्षा वळवायला सांगितली.