एरंडेलाचा दुसरा कप

मला दिवस गेल्याचं कळलं आणि माहेरी पपईला मज्जाव झाला. आईने परसातल्या झाडाच्या पपया शेजारी देऊन टाकल्या, वर शेजारणीलाही बजावलं की माझी पोर माहेरी आली की तिच्यासमोर कापायची नाही. पपई गरम, तीळ गरम, आणि नर्सबाई देते त्या लाल गोळ्या तर सगळ्यांत गरम. त्या गोळ्यांनी पोर पोटात नको तेवढं वाढतं आणि बाळंतीण अडते, असं आमच्याकडे बायका ठामपणे सांगायच्या. एरंडेलाचं मात्र कुणालाच भय नव्हतं. "झाडाचा हाय गो, त्यानं काय व्हतंय?" असं आई म्हणायची. मी दहावी पास. मीही मान डोलवायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी सासरहून, खर्डीहून, धसईजवळच्या आमच्या गावी आले होते. गावात आईचा हातगुण मानायचे. कुणाचे पाय सुजले, कुणाला अन्न ठरेना, की पोटुशी बाई आमच्या ओटीवर येऊन बसायची. आई बडीशेप उकळून दे, कसला पाला वाटून दे, असं करत राही. त्या बायका तिच्या शब्दाबाहेर नसत. तेवढा मान तिला दुसरीकडे कुठे नव्हता. माझ्या सासरच्यांपुढे तर ती पार आकसून जायची. ते नोकरदार, आम्ही भातशेतीवाले. सासूबाई आल्या की आई उगाच पदर सावरत दाराशी उभी राही. मला तिचा राग यायचा, आणि तिची दयाही यायची.

दिवस भरत आले तशी एका सकाळी आईने आल्याच्या कोऱ्या चहात एरंडेल घालून दिलं. त्यात एक मुळी उगाळली होती. डोंगरावरच्या वाडीतली एक बाई बाजारात मुळ्या घेऊन बसायची, तिच्याकडची. त्या मुळीचं खरं नाव आईलाही ठाऊक नव्हतं. ती तिला नुसतं कळांची मुळी म्हणायची. नर्सबाईंनी घरचं काही घेऊ नको म्हणून सांगितलं होतं. मी नाक दाबून कप रिकामा केला.

दुपारी सासूबाई आल्या. शहापूर, मुरबाड अशा गाड्या बदलत, घामाघूम होऊन. पाणी प्यायल्या आणि पिशवीतून एक बाटली काढली. एरंडेलच.

"माझ्या दोन्ही पोरी यावरच मोकळ्या झाल्या. विहीणबाय, जरा च्या ठेवा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. तिला वाटलं मी सांगेन, मला वाटलं ती सांगेल. पण सांगायचं कसं? त्यांचं नातवंड, आणि त्यांना न विचारता आम्ही आधीच काहीबाही दिलं, हे त्यांच्या तोंडावर कोण बोलणार? सुनेनं नको म्हणावं तर तो त्यांचा अपमान. आई उठली, चुलीवर आधण ठेवलं. आपल्या हाताने चहा गाळला, सासूबाईंनी त्यात तेल ओतलं, आणि मी तोही कप प्याले. भिडेपायी माणूस काय वाटेल ते गिळतो.

संध्याकाळच्या आतच पोट फिरलं. जुलाब थांबेनात, आणि त्यांच्या मागोमाग कळा. त्या कळांना उसंतच नव्हती. शेजाऱ्याने धावत जाऊन मुरबाडकडे निघालेली जीप थांबवली. आत माणसं बसलेली होती, गावातलीच, काका-मामा म्हणायची. मी चढण्याआधी ड्रायव्हरने सीटवर बारदान अंथरलं. त्याचं काही चुकलं नाही. वाटेत मला जुलाब आवरला नाही, आणि जे व्हायचं ते जीपमध्येच झालं. पुरुष बाहेर बघत बसले. कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. आज बाजारात त्यातलं कुणी भेटलं तरी मी भाजीवाल्याकडे तोंड फिरवते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळाने आतच शी केली होती, ठोके कमी होत होते. त्या आईला आणि सासूबाईंना म्हणाल्या, "घरी काय दिलंत हिला?"

मला वाटलं होतं सासूबाई कानांवर हात ठेवतील. त्या सरळ पुढे झाल्या. "मी दिला. एरंडेल, च्यातून." किती, तेही सांगितलं.

"एवढ्याने एवढं होत नाही. आणखी काय?"

सासूबाईंनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "नाय. बाकी काय नाय." आणि मग, माझ्या कानांवर विश्वास बसेना, ती सासूबाईंना म्हणाली, "विहीणबाय, निदान इचारायचं तरी."

सासूबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. मी टेबलावर अर्धी उघडी पडले होते, पण लाज वाटली ती आईची. पोटात पोर गुदमरत होतं आणि ती विहिणीपुढचा मान सांभाळत होती.

"आईनेपण दिलंय," मी म्हणाले. "सकाळी. एरंडेल, आणि कसली तरी मुळी."

डॉक्टरीणबाई नर्सला भराभर काहीबाही सांगू लागल्या. दोघींना बाहेर काढलं. जाताना आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. मुलगी झाली. जन्मली तेव्हा रडली नाही. नळीने तिचं तोंड, नाक साफ करत होते आणि मी छताकडे बघत होते. मग ती रडली.

नंतर सासूबाई आईला म्हणाल्या, "जाऊ द्या, दोघींचा सारखाच चुकला." मनापासून म्हणाल्या. आई पदर सावरत दाराशी उभी होती.

दुसऱ्या वेळी, दोनेक वर्षं गेल्यावर, मला सारख्या उलट्या होत होत्या. मी माहेरी गेले. ओटी रिकामी होती. शेजारची एक पोटुशी सून आली, पाय दाखवू लागली, तर आईने तिला दारातूनच दवाखान्याची वाट दाखवली. पूर्वी तिला बसवून चहा तरी दिला असता. मला बरं वाटायला हवं होतं, नर्सबाईंना वाटलं असतं. मी आईच्या मागे चुलीपाशी गेले आणि म्हणाले, "आई, मला थोडी बडीशेप उकळून दे ना."

ती लाकडं सारत राहिली.

"मला इचारू नको गो. उंद्या काय झाला तर परत डॉक्टरणीपुढं माझा नाव घेशील."

तिचं बरोबर होतं. मी घेतलं असतं.