कॉल साइनचा रकाना

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, हुबळीला कमरीपेठेत राहतो आणि रोज सकाळी सातला जगाला हाक मारतो. तो हौशी बिनतारीवाला आहे, रीतसर सरकारी परवान्याचा. हाक म्हणजे मोर्सची कडकट्ट: आधी 'कुणी आहे का' अशी ठरलेली खूण, आणि मागून स्वतःचा कॉल साइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळालेलं अक्षरं-आकड्यांचं नाव. परवाना माझ्याकडेही आहे. तरुणपणी दोघांनी एकदमच परीक्षा दिली होती. पुढे अण्णा टेलिफोन खात्यात गेला आणि हौस सांभाळत राहिला. मी धारवाडला वकिली केली आणि माझा रेडिओ माळ्यावर गेला.

दोन वर्षांपूर्वी अण्णाला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. थोडे शब्द परत आले, तेही कन्नड आधी. चाळीस वर्षं ऑफिसात कन्नड बोलल्यामुळे असेल. मराठी शब्द मात्र अजून दाराशी अडतात. डॉक्टरांनी डाव्या हाताच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. तो अण्णानं बाजूला ठेवला आणि मोर्सची की, म्हणजे कडकट्ट वाजवायची दांडी, टेबलाच्या डाव्या अंगाला आणायला लावली. ज्या हातानं जन्मात कधी पेन धरलं नव्हतं त्या हाताला त्यानं पहिल्यापासून मोर्स शिकवलं. सहा-सात महिने लागले. तेवढ्या काळात मी दोनदा सांगितलं होतं की आता हे पुरे. माझं ऐकलं नाही हे बरं झालं.

हाक मारून तो टीव्हीकडे बघतो. भिंतीवरच्या टीव्हीला एक छोटा कॉम्प्युटर जोडलेला आहे आणि त्यावर जगाचा नकाशा दिसतो. जगभर काही हौशी लोकांनी आपापल्या घरी आपोआप ऐकणारी यंत्रं लावून ठेवली आहेत. मोर्स स्वच्छ असेल तर ती कॉल साइन ओळखून इंटरनेटवर नोंदवतात आणि नकाशावर त्या गावी ठिपका उमटतो. कधी जपान, कधी ऑस्ट्रेलिया, कधी युरोपातलं एखादं खेडं. हात अडखळला तर यंत्राला कॉल साइन कळत नाही आणि ठिपका येत नाही. पूर्वीसारख्या गप्पा अण्णाला जमत नाहीत, त्या वेळेला उत्तर देणाराही क्वचित भेटतो. त्याची सगळी मदार त्या ठिपक्यांवर. पाच-सहा ठिपके आले की वहिनी चहा ठेवते.

हा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर परदेशातल्या एका गृहस्थानं एकट्यानं लिहिलं होतं आणि सगळ्यांना फुकट दिलं होतं. ते गृहस्थ वारले. त्यांचा सर्व्हर काही दिवसांनी बंद होणार अशी सूचना आली. मग जगभरच्या हौशी मंडळींनीच मिळून नवीन सॉफ्टवेअर उभं केलं, कुणी नकाशा लिहिला, कुणी ठिपके, आणि तेही फुकट ठेवलं. ही बातमी अण्णाला मीच वाचून दाखवली. तो टीव्हीकडे बघत म्हणाला, "बदलु." बदल, म्हणजे.

जुनं बंद पडायची वाट कशाला बघा, म्हणून मी एका रविवारी धारवाडहून गेलो. कोप्पीकर रोडवर नवीन मेमरी कार्ड घेतलं, नवीन सॉफ्टवेअर चढवलं. त्यात एक अर्ज भरायचा असतो: ठिकाण, वेळ, कॉल साइन. दहा मिनिटांत भरून झाला. नकाशा छान उमटला. दुपारच्या उन्हात अण्णाच्या रेडिओच्या लहरी लांब जात नाहीत, त्यामुळे तपासून बघण्यात अर्थ नव्हता. "उद्या सकाळी बघ," म्हणालो, जेवलो आणि बस पकडली.

पुढच्या रविवारी वहिनीचा फोन आला.

"भावजी, तुम्ही ते नवीन बसवून गेल्यापासून ह्यांचं काही खरं नाही बघा. पाच दिवस वाजवलं, एक ठिपका आला नाही. कालपासून टेबलाकडे फिरकत नाहीत. विचारलं तर 'साकु' म्हणतात."

"पुरे कसं? सॉफ्टवेअरचा घोळ असेल वैनी, त्याच्या हाताला काही झालेलं नाही."

"ते मानत नाहीत हो. डाव्या हातालाही झटका लागला म्हणतात. घास घेत नाहीत हातानं, मीच भरवते. डॉक्टरांना दाखवू का?"

मला राग आला, आणि तो कुणावर काढायचा हेही लगेच सुचलं. धर्माची गाय, दात का गं नाय, हे मला कळत नाही असं नाही. तरी त्या नवीन सॉफ्टवेअरवाल्या मंडळींच्या चर्चेच्या पानावर मी चांगली वकिली भाषेत तक्रार ठोकली. तुमच्या बेजबाबदारपणामुळे एक आजारी माणूस खचला आहे, असं लिहिलं. आठवड्यापूर्वी बसवताना काढलेला पडद्याचा फोटो जोडला आणि खाली रुबाबात स्वतःचा कॉल साइन टाकला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणारा कोण, कुठला, मला माहीत नाही. दोनच ओळी होत्या. फोटोत, कॉल साइनच्या रकान्यात, जो कॉल साइन दिसतो तोच तुमच्या सहीतही आहे. तुमच्या भावाचा कॉल साइन कोणता?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. परवाना मिळाल्यापासून जिथे कॉल साइन विचारला तिथे मी माझाच लिहीत आलो. त्या दिवशीही बोटांनी तोच लिहिला. इतकी वर्षं वकिली करून वादीच्या जागी स्वतःचं नाव घातलं, आणि पुन्हा वाचूनही बघितलं नाही. अण्णा हाका मारत होता आणि तो नकाशा मला शोधत होता. मी तर वीस वर्षांत एक अक्षर वाजवलेलं नाही.

त्या ऐकणाऱ्या यंत्रांची यादी कुणालाही बघता येते. मोबाइलवर अण्णाचा कॉल साइन घालून बघितलं. सोमवार: सहा ठिकाणी ऐकू आला. मंगळवार: चार. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, रोज कुठे ना कुठे. त्याच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. शनिवारपासून पुढे रिकामं. मला माझी भयंकर लाज वाटली.

मनात आलं, गुपचूप जाऊन रकाना दुरुस्त करावा आणि सॉफ्टवेअर सुधारलं म्हणून सांगावं. पण मग त्या पाच दिवसांचं काय? आपला हात गेला, या भीतीत त्यानं काढलेले ते दिवस होते. मंगळवारी पहिल्या बसनं हुबळी गाठली. वहिनी त्याला उप्पीट भरवत होती. डावा हात मांडीवर पालथा पडला होता.

"अण्णा, चूक माझी आहे," मी उभ्याउभ्याच सांगितलं. "रकान्यात तुझ्याऐवजी मी माझा कॉल साइन घातला. तुझा हात चांगला आहे. हे बघ."

मोबाइल त्याच्यासमोर धरला. त्यानं एकेक दिवस वाचला. ओठ हलत होते. वहिनी चमचा हातात धरून तशीच उभी होती, तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. मी टीव्हीकडे जाऊन रकाना बदलला. वळून बघतो तर अण्णानं डावा हात उचलला होता आणि एक बोट मोबाइलवर टेकवलं होतं, शनिवार, रविवार, सोमवार, त्या रिकाम्या जागेवर.

"इवु निन्नवु," तो म्हणाला.

मला कळलं नाही असं त्याला वाटलं असावं. शब्द शोधायला त्याला वेळ लागला.

"हे तीन… तुझे."

"हो," मी म्हणालो.

मग त्यानं वहिनीला बाजूला व्हायची खूण केली, खुर्ची टेबलाकडे ओढायला लावली आणि मोर्सची की पुढे घेतली.