डॉर्सीची बिनतळाची विहीर

डॉर्सीबद्दल काही विचारायचं असेल तर एल्विन स्ट्राउडला विचारा, असं जुन्या हायवेवरचे उरलेसुरले लोक म्हणत. सव्वीस वर्षं दर मंगळवारी एल्विन पाण्याचा टँकर घेऊन त्याच्या दारात जात होता, म्हणून त्यांना तसं वाटे. पण डॉर्सी टॅकेट मूळचा कुठला, त्याला बायकापोरं होती की नाही, यातलं एल्विनला खरं म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते इतकंच, की त्याला कॉफीत चार चमचे साखर लागे, आणि त्याच्यासारखा हसवणारा माणूस अख्ख्या मोहावीच्या वाळवंटात दुसरा नव्हता.

विहीर मुळात एल्विनच्या वडिलांची. इरा स्ट्राउडनं दोन वर्षं कुदळ-फावड्यानं खणत एकशे चाळीस फूट गाठले, पण पाण्याचा टिपूस लागला नाही. लावलेली पीचची झाडं उभ्या उभ्या वाळली. त्याच हिवाळ्यात इरा छातीच्या दुखण्यानं गेला आणि मागे त्याचं नाव राहिलं ते 'स्ट्राउडचं भोक' म्हणून. आईनं ती कोरडी जमीन डॉर्सीला मातीमोलानं देऊन टाकली आणि ती बार्स्टोला लोकांची धुणी धुवायला गेली. एल्विननं एक जुना टँकर मिळवला आणि एकोणीस मैलांवरच्या रेल्वेच्या नळावरून तो पाणी वाहू लागला.

डॉर्सीनं त्या जागेवर पेट्रोल पंप टाकला आणि विहिरीपाशी भली मोठी पाटी रंगवली: 'जगातली एकमेव बिनतळाची विहीर. दगड टाका, आवाज ऐकून दाखवा!' दगड पडे, पण आवाज काही येत नसे. उन्हाळ्यात गाड्यांची रांग लागे.

"ही विहीर इरा स्ट्राउडची, बाईसाहेब!" डॉर्सी हातवारे करून सांगे. "गडी इतका खोल गेला, इतका खोल गेला, की खालून सैतान ओरडला, 'बाबा रे, पाणी आमच्याकडेही नाही!'"

लोक पोट धरून हसत. टँकरची नळी धरून उभा असलेला एल्विनही हसे. बापाचं नाव निदान कुणीतरी घेतंय, असं त्याला वाटे.

"अरे, पण दगड जातो कुठे शेवटी?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"तुझ्या बापानं खणलंय, मला काय विचारतोस?"

दर जानेवारीत डॉर्सीला मोटेलांतल्या टाकाऊ गाद्या लागत. एल्विनच त्या टँकरवर बांधून आणी. खोल्या बांधायच्यात, असं डॉर्सी म्हणे. खोल्या कधी उभ्या राहिल्या नाहीत, आणि एल्विननंही कधी खोदून विचारलं नाही.

मग नवा हायवे अकरा मैल उत्तरेकडून गेला. एका उन्हाळ्यात गाड्या यायच्या थांबल्या. डॉर्सी सगळं तसंच टाकून बार्स्टोच्या एका ट्रेलरमध्ये राहायला गेला. दोन वर्षांनी काउंटीच्या कचेरीनं उघड्या विहिरींवर झाकणं घालायचं काढलं आणि इथलं काम एल्विनला मिळालं. सिमेंट कालवण्याआधी त्यानं सवयीनं एक दगड आत टाकला.

डुबुक.

त्यानं दुसरा टाकला. पुन्हा तेच. मग त्यानं दोराला बादली बांधून आत सोडली. वर आलं ते गार, स्वच्छ पाणी, आणि त्यात कुजलेल्या कापसाचे पुंजके नि निळ्या पट्ट्यांच्या कापडाची लक्तरं. मोटेलच्या गाद्यांचं ते कापड त्यानं स्वतःच्या हातांनी वाहिलं होतं. दोर मोजला तर पाणी लागलं होतं बापाच्या तळाच्या जेमतेम सहा फूट खाली.

त्यानं बरणीभर पाणी घेतलं आणि तसाच बार्स्टो गाठला. डॉर्सी नुसत्या बनियनवर पत्ते लावत बसला होता. एल्विननं बरणी समोर ठेवली. डॉर्सीनं ती पाहिली, झाकण उघडलं आणि एक घोट घेतला.

"गोड आहे, नाही?" तो म्हणाला.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"पहिल्या महिन्यापासून. पंपाला पाणी हवं होतं, म्हणून जरा खणून बघितलं. तिसऱ्या दिवशी बूट भिजले."

"माझी आई तेव्हा लोकांची धुणी धूत होती, डॉर्सी."

"सांगितलं असतं तर जमीन परत मागितली असती तिनं. म्हटलं, महिनाभर थांबू. मग रुळांखालच्या लाकडी फळ्या आत आडव्या ठोकल्या, वर दगडाचा आवाज गिळायला गाद्या टाकल्या, दर वर्षी नव्या. फळ्यांसकट सगळं कुजून खाली गेलं असेल आता. पाटी लावली. मग राहूनच गेलं."

"आणि माझ्याकडून पाणी घेत होतास? इतकी वर्षं?"

तुझं पोट चालावं म्हणून घेत होतो, एवढं जरी तो म्हणाला असता तरी एल्विननं ते मानलं असतं.

"नसतं घेतलं तर तू विचारलं असतंस, हा पितो काय म्हणून."

"माझ्या बापाची टिंगल करत होतास तू. त्याच्याच पाण्यावर उभा राहून!"

"तूही हसत होतास की, एल."

एल्विननं बरणीचं झाकण घट्ट लावलं. मग तो म्हणाला, "रविवारी चल माझ्याबरोबर. चर्चपुढे उभं राहून सांग, की इरा वेडा नव्हता. सहा फूट कमी पडला, एवढंच."

"सांगू कुणाला? तिकडे सात माणसं उरलीत. त्यातल्या चौघांना इरा कोण ते माहीत नाही." डॉर्सीनं चौकटची राणी उचलून राजावर ठेवली. "आणि माझे गुडघे आता साथ देत नाहीत."

एल्विन उठला. बरणी उचलावी की राहू द्यावी हे त्याला ठरवता येईना, म्हणून ती तिथेच राहिली. विहिरीवर त्यानं झाकण घातलं ते दुसऱ्या दिवशी, आणि ओल्या सिमेंटवर बोटानं बापाचं नाव लिहिलं. ते वाऱ्यानं आणलेल्या वाळूखाली आठवड्याभरात गेलं. डॉर्सी ऑक्टोबरात वारला. एल्विन पुन्हा त्याच्याकडे फिरकला नव्हता, त्यामुळे दोघांचं शेवटचं बोलणं झालं ते त्या बरणीच्या दिवशी, एल्विन ट्रेलरच्या दारातून निघताना.

"जाताना तो पंखा इकडे वळवून जा रे."

"असा?"

"जरा खाली. हां, बस."