खेळाचा पगार

गुडघ्यांना मोहाचं तेल चोळलं की त्या वासात चिखला या आमच्या खाणीच्या गावातलं कबड्डीचं मैदान संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात तरंगू लागतं. तरुणपणी त्याच मैदानावर आमचा सगळ्यात चपळ गडी, खाणीतला मजूर, पायांना तेच तेल लावत म्हणाला, "दादा, नागपूरची गिरणी तिच्या संघात घेऊन खेलाचा पगार देऊन राहिली. जाऊ का?" मी तेव्हा जुन्या चालीरीती जपणाऱ्या पक्षाचा प्रचारक होतो. म्हणालो, "पैशासाठी खेळणं म्हणजे गावाची अब्रू विकणं." तो हसला, "मले कायले भाषण देता? मत तं तुमालेच देतो!" पण गेला नाही; जन्मभर खाणीत उतरत राहिला. गाव अजून म्हणतं, तो गावासाठी थांबला. नाही, माझ्या शब्दासाठी थांबला. काल टीव्हीवर कबड्डीपटूंची बोली लागली, आणि मी तेलकट हातांनी टाळ्या वाजवल्या.